शाळेतील नियमित उपस्थिती व पालकांचे कर्तव्य : वर्धा परिषदेच्या इतिहासातून

मुलाचे नाव शाळेत घातले म्हणजे पालक म्हणून आपले कर्तव्य पार पडले, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. जूनच्या अखेरीस दाखलखारीज रजिस्टरात नाव चढते, नवे दप्तर येते, पहिले काही दिवस आई स्वतः मुलाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडावयास जाते. पुढे दसऱ्याच्या सुमारास पऱ्हाटी फुटू लागली की खेड्यापाड्यांतील वर्गांत जागा रिकाम्या दिसू लागतात. शहरात कापूस नसला तरी कारणे असतातच. लग्नसराई असते, घरी पाहुणे येतात, धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे असते, किंवा अब्बांच्या गॅरेजवर त्या दिवशी हाताखाली पोऱ्या नसतो. प्रत्येक कारण त्या दिवसापुरते खरेच असते. परंतु वर्षाअखेर हजेरीपटावरचे खाडे मोजले म्हणजे ध्यानात येते की, या खऱ्या कारणांनीच मुलाचे वर्ष खाल्ले.

शाळेत नाव असणे आणि शाळेत रोज जाणे या दोन निराळ्या गोष्टी होत. आपल्या देशातील प्राथमिक शिक्षणाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी या दोन गोष्टींमधील अंतराचाच इतिहास आहे. त्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचे पान आपल्या वर्धा शहरात लिहिले गेले. त्या पानावर सर्वांत ठळक सही आहे ती डॉ. झाकिर हुसेन यांची. राष्ट्रपती म्हणून त्यांचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु ज्या योजनेला जग ‘वर्धा योजना’ म्हणून ओळखते ती शब्दबद्ध करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते, हे वर्ध्यातच पुष्कळांना ठाऊक नसते.

त्या पानाकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी स्पष्ट मागणी त्यांनी त्यात केली. परंतु जोतीराव नुसती सक्ती मागून थांबले नाहीत. खेड्यांतील शेतकरी आपली मुले शाळेत का धाडीत नाहीत, याचे कारणही त्यांनी सांगितले. एक तर पराकाष्ठेचे दारिद्र्य, आणि दुसरे म्हणजे गुरे राखावयास व शेतावर लक्ष ठेवावयास घरात मुलांची गरज. म्हणूनच शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन मुलांना शाळेची गोडी लावावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच निवेदनात मुसलमानांचाही उल्लेख आहे. मराठी-इंग्रजीची आवड नसल्याने मुसलमान या शाळांपासून दूर राहतात आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेच्या शाळा थोड्याच आहेत, अशी नोंद जोतीरावांनी केली आहे. हे वाक्य कोणाला झोंबेलही. परंतु ज्याला आपल्या मुलांची काळजी असते तोच असे लिहितो, हे आपण विसरू नये.

त्यानंतर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग म्हणून आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. ब्रिटिश मुलखासाठी तेच करावे म्हणून नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले. हे विधेयक आपल्या विषयाच्या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा होती. परंतु आजारपण, घरची निकड आणि शेतीचा हंगाम ही गैरहजेरीची सबळ कारणे म्हणून गोखल्यांनी मान्य केली होती. पुण्यात राहणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाला पेरणी-कापणीच्या दिवसांत शाळेत काय घडते याची पूर्ण कल्पना होती. मुंबईच्या मुस्लिम मतदारसंघातून निवडून आलेले तरुण बॅरिस्टर मोहम्मद अली जीना यांनी या विधेयकाला पाठिंबा दिला होता. तरीही मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांना कोणाची मते मागावयाची नव्हती. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. त्या काळी एक रुपया ही मजुरी करणाऱ्या माणसाला जाणवणारी रक्कम होती. याच महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करण्यास पुढाकार घेतला, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि मुस्लिम मुलांसाठी वसतिगृह उघडले, हे आपल्यासारख्या संस्थेच्या स्मरणिकेत अवश्य नोंदविले पाहिजे. एका हाताने दंड आणि दुसऱ्या हाताने वसतिगृह! नुसता दंड करणारे राज्यकर्ते पुष्कळ झाले. दोन्ही करणारा विरळा.

आपला वर्धा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात होता. तेथेही १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि आपापल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. कायदे झाले, शाळाही वाढल्या. मग घडले काय? १९२९ साली हारटॉग समितीने जो हिशेब मांडला तो वाचून आजही मन विषण्ण होते. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ साली पहिलीच्या वर्गात असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत पोहोचली ती केवळ अठरा. बाकीची ब्याऐंशी कोठे गेली? काही अपुऱ्या शाळांमुळे गळाली, काही एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे बसून राहिली, काही घरच्या कामाला लागली. पहिली-दुसरी करून शाळा सोडलेले मूल दोन-चार वर्षांत अक्षरेही विसरते. म्हणजे सरकारचा पैसा गेला, मास्तरांचे श्रम गेले आणि मुलाच्या हाती काहीच उरले नाही. शिक्षणखात्याच्या भाषेत याला ‘गळती’ आणि ‘स्थगन’ असे म्हणतात. घरच्या भाषेत सांगावयाचे तर गळतीची सुरुवात खाड्याने होते. एका दिवशी शाळा सोडून देणारे मूल फारसे आढळत नाही. आधी आठवड्याला एक दिवस, मग तीन दिवस, मग ‘आता गेलो तर गुरुजी रागावतील’ म्हणून आठवडाभर, आणि मग कायमचे, अशीच ती वाट असते.

ही सर्व पार्श्वभूमी मनात ठेवून १९३७ च्या वर्ध्याकडे पाहिले पाहिजे.

त्या वर्षी अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. त्यांच्यापुढे मोठा पेच होता. दारूबंदी करण्याचे वचन त्यांनी दिले होते, आणि शिक्षणावर खर्च होणारा पैसा पुष्कळसा दारूच्या उत्पन्नातूनच येत होता. दारू बंद केली तर शाळा कशाने चालवावयाच्या? गांधीजी १९३६ पासून वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले होते. त्यांनी ‘हरिजन’ पत्रातून आपला विचार मांडला की, मुलाला एखादा हस्तोद्योग शिकवावा, त्याच्याच द्वारे इतर विषय शिकवावेत आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून मास्तरांचा पगार निघावा. या विचाराची चर्चा करण्यासाठी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. ज्या मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ती भरली ते पुढे नवभारत विद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. अध्यक्षस्थानी स्वतः गांधीजी होते. निरनिराळ्या प्रांतांचे शिक्षणमंत्री आणि देशभरातील शिक्षणतज्ज्ञ जमले होते. परिषदेने चार ठराव केले. त्यांतील पहिलाच ठराव सर्व देशात सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण असावे असा होता.

या परिषदेत जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू डॉ. झाकिर हुसेन उभे राहिले. वय अवघे चाळीस. गांधीजींविषयी त्यांना अपार आदर होता; परंतु तोंडदेखली स्तुती करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कामातून शिक्षण ही कल्पना अगदी नवी नाही, शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांना ती माहीत आहे, असे त्यांनी सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी एक धोका स्पष्टपणे दाखविला. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघालाच पाहिजे यावर जास्त भर दिला, तर शिक्षक मुलांकडून गुलामांसारखे काम करून घेतील आणि गरीब मुलांच्या श्रमांचे शोषण होईल; तसे झाले तर टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल. गांधीजींच्या समोर, गांधीजींच्या योजनेविषयी हे शब्द! आणि गांधीजींनी काय केले? योजना तयार करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्षपद याच माणसाकडे आले. दोघांचाही मोठेपणा यात दिसतो.

समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आशादेवी, प्रा. के. टी. शहा असे सभासद होते. आर्यनायकम् हे संयोजक होते. २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आतच, समितीने आपला अहवाल गांधीजींच्या हाती दिला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली आणि त्याच वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन होऊन झाकिर हुसेन त्याचे अध्यक्ष झाले.

अहवालातील काही आकडे आज पालकांनी मुद्दाम पाहावेत. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यांतील तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला आणि त्याच्याशी जोडलेल्या अभ्यासाला. चाळीस मिनिटे मातृभाषेला. चाळीस मिनिटे संगीत, चित्रकला व गणिताला. तीस मिनिटे समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला. दहा मिनिटे व्यायामाला व दहा मिनिटे सुटीला. वर्गात तीसपेक्षा जास्त मुले नसावीत. आणि शाळा वर्षातून २८८ दिवस भरावी, म्हणजे महिन्याला सरासरी चोवीस दिवस. आजच्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस शाळा भरावी लागते; त्या तुलनेत २८८ हा आकडा केवढा मोठा! तो ठरविणाऱ्यांना खेड्यातील गरिबी माहीत नव्हती असे कोण म्हणेल? विनोबा आणि जाजूजी तर याच जिल्ह्यात राहात होते. किंबहुना गरिबाच्या मुलाला घरी पुस्तक नाही, शिकवणारे कोणी नाही, म्हणूनच त्याला शाळेचे दिवस जास्त मिळाले पाहिजेत, असे त्या आकड्यामागचे तत्त्व मला दिसते. सधन घरचे मूल एक दिवस घरी राहिले तर त्याचा अभ्यास घरी भरून निघतो. मजुराच्या मुलाचा तो दिवस गेला तो गेलाच.

आता थोडा हिशेब करू. आठवड्यातून सहा दिवस शाळा भरते आणि मूल दर आठवड्याला एकच खाडा करते असे धरा. दोनशे दिवसांच्या वर्षात ते सुमारे तेहेतीस दिवस चुकते. दोनशेवीस दिवसांच्या वर्षात सुमारे सदतीस. पहिली ते आठवीपर्यंतची बेरीज पावणेतीनशे दिवसांच्या आसपास जाते. म्हणजे आठ इयत्तांत एक संपूर्ण शालेय वर्ष आणि वर काही दिवस त्याने शाळेचे तोंडही पाहिलेले नसते. नापास न होता एक वर्ष गमावण्याचा हा प्रकार आहे, आणि तो कोणत्याही गुणपत्रिकेवर लिहिलेला नसतो. गणितात तर त्याचा परिणाम तत्काळ दिसतो. ज्या दिवशी हातच्याची वजाबाकी शिकवली त्या दिवशी मूल घरी होते. पुढे सबंध वर्ष ते ‘मठ्ठ’ ठरते. वस्तुतः ते मठ्ठ नसून गैरहजर असते.

वर्धा योजनेला आपल्या समाजातून विरोधही झाला, हे येथे लपविण्याचे कारण नाही. मध्य प्रांत सरकारने याच सुमारास काढलेल्या शाळांना ‘विद्यामंदिर’ हे नाव दिले, त्यावर मुसलमानांनी आक्षेप घेतला. मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालातही या शिक्षणयोजनांवर कडक टीका झाली. नावाला काहीच महत्त्व नसते असे मी म्हणणार नाही. आपली भाषा, आपली ओळख शाळेत टिकावी असे वाटणे हा प्रत्येक समाजाचा हक्क आहे. परंतु वडीलधारी मंडळी शाळेच्या पाटीवर काय लिहावे याचा वाद घालीत असताना त्यांच्या मुलांची शिकण्याची वर्षे निघून गेली, हेही तितकेच खरे. झाकिर हुसेन यांच्यावर त्या काळात दोन्ही बाजूंनी टीका झाली. त्यांनी काम सोडले नाही.

काम न सोडण्याची सवय त्यांना आधीपासूनच होती. ते दहा वर्षांचे असताना वडील वारले, आणि पुढे १९११ मध्ये प्लेगने आईही गेली. इटावा येथील इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात राहून हा मुलगा शिकला. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परत आल्यावर चांगल्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. त्याऐवजी त्यांनी मोडकळीला आलेली जामिया हाती घेतली. १९२८ मध्ये तेथील शिक्षकांनी वीस वर्षे सेवा करण्याची आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेण्याची शपथ घेतली. जामियातील मुले मळके जोडे घालून येतात म्हणून एकदा कुलगुरू स्वतःच पॉलिश आणि ब्रश घेऊन फाटकाशी बसले, असे सांगतात. शाळेत कसे यावे हे मुलांना शिकविण्यासाठी एक कुलगुरू फाटकापर्यंत येतो. पालकांनी वर्षातून निदान चार वेळा फाटकाच्या आत यावे, एवढीच शिक्षकांची अपेक्षा असते.

अहवालातील एक कलम मात्र मला नेहमी अडखळविते. सात ते चौदा वर्षांपर्यंत शिक्षण मुलगे व मुली दोघांनाही सक्तीचे. परंतु पालकांची इच्छा असल्यास मुलीला बारा वर्षे पूर्ण झाल्यावर शाळेतून काढून घेण्याची सवलत. त्या काळची सामाजिक परिस्थिती पाहून समितीने ही सवलत ठेवली असावी. ती नसती तर पुष्कळांनी मुलींना मुळीच धाडले नसते, असा युक्तिवाद करता येईल. परंतु समितीने मुलीच्या शिक्षणाची किल्ली येथे स्पष्टपणे पालकांच्या हाती दिली, ही गोष्ट उरतेच. पालकांनी त्या किल्लीचे काय केले हे आपल्या घरांतील आजी-नानींना विचारावे. ‘चौथीपर्यंत शिकले’, ‘सहावीत होते तेव्हा काढले’ अशी उत्तरे मिळतील, आणि पुष्कळदा ती सांगताना त्यांचा आवाज खाली येतो.

कायद्याने आता ती सवलत ठेवलेली नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरविला. त्याच दुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत आणखी एक कर्तव्य घातले ते आईवडिलांचे व पालकांचे, आपल्या पाल्यास शिक्षणाची संधी देण्याचे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्यातही पालकांचे हे कर्तव्य सांगितले आहे. पण पालकाला दंड मात्र त्यात नाही. शाहू महाराजांचा महिना एक रुपया गेला. उलट १९९२ पासून महाराष्ट्र सरकारने दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेच्या मुलींना हजर राहिल्याबद्दल रोज एक रुपया उपस्थिती भत्ता देण्यास सुरुवात केली. पाऊणशे वर्षांत रुपयाने दिशा बदलली. दुपारचा पोषण आहारही हजेरी वाढावी या हेतूनेच आला. हे सर्व चांगलेच आहे. परंतु रोज सकाळी मुलाला उठविणे, त्याचा मकतब आटोपला की वेळेवर नाश्ता देऊन शाळेकडे धाडणे, संध्याकाळी ‘आज वर्गात काय झाले?’ एवढे विचारणे, ही कामे कोणतेही सरकार करू शकत नाही.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावयाचे आणि निम्म्या जागी स्त्रिया. अनुदानित अल्पसंख्याक शाळांत या समितीचे काम सल्ला देण्यापुरते असले तरी सल्ला देण्यासही सभेला यावे लागते. अशा सभेपुढे बांधकामाचा, गणवेशाचा, सहलीचा विषय नेहमी येतो. महिन्याचा हजेरीपट टेबलावर ठेवून, लागोपाठ तीन दिवस गैरहजर असलेल्या मुलांची नावे वाचून, त्यांच्या घरी दोन माता-पालकांनी जाऊन यावे, हा विषय कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घेता येईल. ज्या घरी मूल मजुरीस जाते तेथे उपदेशाचा उपयोग नाही. जोतीरावांनी १८८२ मध्ये सांगितल्याप्रमाणे तेथे शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्यावा लागेल, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत बुडालेला अभ्यास सुटीच्या दिवशी भरून काढण्याची काही सोय करावी लागेल. ज्या घरी मुलगी केवळ धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी राहते तेथे आधी अंगणवाडीची चौकशी करावी.

सेवाग्रामात २००५ साली नई तालीम समितीने ‘आनंद निकेतन’ ही शाळा पुन्हा त्याच आवारात सुरू केली. वर्ध्यापासून अंतर फार नाही. आपल्या शाळेची सहल दूरच्या किल्ल्यावर जाते त्याआधी एकदा तेथे जावी, आणि झाकिरसाहेबांची योजना जेथे प्रत्यक्षात उतरली ती जागा मुलांबरोबर त्यांच्या अम्मी-अब्बांनीही पाहावी. रविवारी नव्हे, शाळा भरलेली असताना.